गोळी सोडायची, पण क्रमाने

नवीन पनवेलमध्ये आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर औषधांचे एक दुकान आहे. संध्याकाळी सातनंतर, मुंबईहून येणाऱ्या गाड्या स्थानकात रिकाम्या होऊ लागल्या की तेथे गर्दी होते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या लोक मोठ्याने नाव घेऊन मागतात. आपली साखर किती आली, हेही शेजारच्याला सांगतात. पण काही चिठ्ठ्या चार घड्या घालून खिशातून निघतात. चिठ्ठी देणारा आवाज खाली आणतो, पाकीट न पाहताच पिशवीत टाकतो आणि मान खाली घालून चालू लागतो. त्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते, ते मला ठाऊक आहे. कारण काही काळ माझीही चिठ्ठी अशीच घडी घातलेली असे.

वडिलांच्या निधनानंतरचे ते दिवस होते. रात्री तीनला जाग येई, छातीत धडधड होई, आणि पहाटेच्या अंधारात आता आपल्याने काही होणार नाही, अशी खात्री पटे. हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चिंता आणि नैराश्य असे निदान करून गोळी दिली. दीड-दोन महिन्यांत झोप सुधारली, लेखणी पुन्हा चालू लागली. आठ-नऊ महिने झाले आणि मनात एकच विचार घर करून बसला : ही गोळी सुटणार कधी?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आज मध्यमवर्गीय वस्तीत अशी गोळी घेणारे घर शोधायला लांब जावे लागत नाही. गोळी सुरू करण्याविषयी आता थोडेफार बोलले जाते. पण ती सोडण्याविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक गोळी घेणाऱ्याच्या मनात पहिल्या महिन्यापासून तोच विचार असतो. सवय तर लागणार नाही ना? सोडली तर दुखणे परतेल का? जन्मभर घ्यावी लागली तर मुलीच्या सासरी काय सांगायचे? या भीतीचा जाहीर ऊहापोह होत नाही, म्हणून माणसे आपापल्या परीने, गुपचूप आणि बहुधा चुकीच्या पद्धतीने निर्णय घेतात. मीही तेच केले.

पाडव्याचा संकल्प

त्या वर्षी गुढीपाडव्याला मी संकल्प केला की आजपासून गोळी बंद. कोणालाही सांगितले नाही. पत्नीलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. आयुष्यभर इतरांना ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगत आलेल्या माणसाला स्वतःचे मन एका पांढऱ्या गोळीच्या आधाराने चालते, याची लाज वाटत होती. पहिले दोन दिवस बरे गेले. मनोबल जिंकले, असे वाटले. चौथ्या दिवशी सकाळी गाडीने खांदेश्वर सोडले आणि मान वळवताच डोक्यातून विजेची बारीक चमक गेल्यासारखे झाले. मग पुन्हा. मळमळ सुरू झाली, हातापायांना घाम सुटला. मानसरोवरला उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. समोर एक शाळकरी मुलगा डबा सांडल्यामुळे रडत होता. त्याच्याकडे पाहून माझ्याही डोळ्यांतून पाणी येऊ लागले. दुखणे परतले, आणि आता ते कधीच जाणार नाही, असा निष्कर्ष मी त्या बाकावरच काढला.

तो निष्कर्ष चुकीचा होता. पण ते सांगायला त्या वेळी जवळ कोणी नव्हते, कारण मीच कोणाला जवळ ठेवले नव्हते. त्या रात्री पत्नीला सारे सांगितले. ती रागावली नाही, पण तिचे वाक्य अजून आठवते : “चहातली साखर सोडलीत तेव्हा साऱ्या सोसायटीला सांगत फिरलात. आणि ही गोळी सोडताना मला सांगावेसे वाटले नाही?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे : हे दुखणे परतलेले नाही. औषध अचानक तुटल्यावर शरीराने केलेली ती तक्रार आहे. गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत डोक्यातील चमका थांबल्या. ही गोळी एकाएकी थांबवू नये, हे पहिल्याच भेटीत मला कोणी सांगितले असते, तर तो फलाटावरचा प्रसंग टळला असता. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

शरीराची तक्रार आणि दुखण्याचे परतणे

या दोहोंतील भेद प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असला पाहिजे. नैराश्य आणि चिंतेसाठी आज बहुधा दिल्या जाणाऱ्या गोळ्या मेंदूतील सिरोटोनिन या द्रव्याच्या व्यवहारावर काम करतात. महिनोन्महिने गोळी घेतल्यावर मेंदू त्या नव्या व्यवहाराशी जुळवून घेतो. आधार एकदम काढला की तोल जातो. गरगरणे, मळमळ, डोक्यात विजेसारख्या चमका, भडक स्वप्ने, निद्रानाश, चिडचिड, विनाकारण रडू येणे ही त्याची लक्षणे. ती बहुधा काही दिवसांतच दिसू लागतात. मूळ दुखण्यात नसलेल्या शारीरिक तक्रारी त्यांत असतात आणि औषध पुन्हा सुरू केल्यास त्या लवकर शमतात. दुखणे परतते ते मात्र सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी. पूर्वीचीच उदासी, पूर्वीचीच निरिच्छा पुन्हा पावले टाकत येते. ही सीमारेषा दर वेळी स्वच्छ नसते, म्हणूनच ती तज्ज्ञाने पाहायची असते.

सगळ्या गोळ्याही सारख्या नाहीत. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात, त्यामुळे ती सोडताना त्रास अधिक संभवतो. फ्लुओक्सेटिन दीर्घकाळ रेंगाळते, म्हणून ते सोडणे तुलनेने सुकर जाते. ‘सवय लागते’ या शब्दांतही मोठी गल्लत आहे. सिरोटोनिनवर काम करणाऱ्या या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, मात्रा वाढवत नेण्याची हाव सुटत नाही. शरीर त्यांना सरावते, इतकेच. परंतु झोपेसाठी आणि घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या वर्गातील गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावर खरेखुरे अवलंबित्व येऊ शकते आणि बराच काळ घेतल्यावर त्या एकदम बंद केल्यास फेफऱ्यासारखे झटकेही येऊ शकतात. २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवावी, असा नियम लागू झाला, तो उगाच नव्हे. तरीही एखाद्या मावशीने आपल्या पाकिटातली अर्धी गोळी शेजारणीला ‘झोपेची’ म्हणून देण्याचे प्रकार आपण पाहतोच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत मिसळून सर्रास विकली जातात. घेणाऱ्याला वाटते, आपण एकच गोळी घेतो. ती बंद केली की दोन निरनिराळी औषधे एकाच दिवशी तुटतात. आपल्या पाकिटावरची बारीक अक्षरे प्रत्येकाने एकदा चष्मा लावून वाचावीत.

आकडे काय सांगतात?

या विषयावर घबराट पसरवणारेही पुष्कळ आहेत आणि ‘काही होत नाही’ असे म्हणणारेही पुष्कळ. म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २१ हजार रुग्ण होते. नैराश्याचे औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना त्रास जाणवला. पण औषधाच्या नावाने नुसतीच निष्क्रिय गोळी घेतलेल्या आणि ती थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांनी तसाच त्रास सांगितला. म्हणजे औषध तुटल्यामुळेच झालेला त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना. यांतील बरेच अभ्यास अल्प मुदतीचे होते, वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांना हे प्रमाण तसेच लागू होईल असे नाही, असा आक्षेपही तज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधील, २०२१ चा. दीर्घकाळ गोळी घेणारे आणि आता बरे वाटत असल्याने ती सोडावी असा विचार करणारे ४७८ रुग्ण त्यात होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू थांबवली. कोण कोणत्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य परतले. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. या आकड्यांकडे नीट पाहावे. गोळी सोडल्याने धोका वाढतो, हे खरे. पण सोडणाऱ्या प्रत्येक शंभरांतील ४४ जण वर्षभर बरे राहिले, हेही तितकेच खरे. आणि गोळी चालू असणे म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही त्यातून कळते. सोडायचीच असे कोणी ठरवू नये. कधीच सोडता येणार नाही, असेही मानू नये. पहिल्याच वेळचे नैराश्य असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे, आणि वारंवार परतणारे असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. बरे वाटले त्याच महिन्यात गोळी फेकणे म्हणजे भिंत ओली असतानाच बांधकामाचे टेकू काढण्यासारखे आहे.

ऋतुसंधीचे शहाणपण

मग सोडावी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच एका जुन्या ग्रंथाची आठवण झाली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानात, ऋतुसंधीचा विचार आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात आधीच्या ऋतूची दिनचर्या क्रमाने सोडावी आणि पुढच्या ऋतूची क्रमाने धरावी. एकदम सोडण्या-धरण्याने रोग उद्भवतात, असे वाग्भट सांगतो. त्याच सूत्रस्थानात, अंगवळणी पडलेले अपथ्य सोडायचे तर चौथा हिस्सा, किंवा त्या चौथ्याचाही चौथा हिस्सा, असे कमी करत सोडावे, असा उपदेश आहे. चरकानेही हाच क्रम सांगितला आहे. आजच्या गोळ्या वाग्भटाला ठाऊक नव्हत्या आणि औषध म्हणजे अपथ्यही नव्हे, त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा दावा मला करायचा नाही. पण सरावलेल्या शरीराला एकदम धक्का देऊ नये, हे तत्त्व आपल्या आजीलाही समजत होते. आपण मात्र पाडव्याचा मुहूर्त पाहून गोळ्या कचऱ्यात टाकतो.

आधुनिक संशोधनही क्रमाचाच आग्रह धरते, आणि एक सूक्ष्म गोष्ट त्यात भर घालते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्येच मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी दाखवून दिले की, गोळीची मात्रा आणि तिचा मेंदूवरील परिणाम सरळ प्रमाणात नसतात. थोड्या मात्रेतच बराचसा परिणाम झालेला असतो. त्यामुळे वीसवरून दहावर येणे सोपे, पण पाचवरून शून्यावर येणे अवघड. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान असाव्यात. त्याच वर्षी ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेही, गोळी सोडतानाचा त्रास काहींच्या बाबतीत तीव्र आणि लांबणारा असतो, हे मान्य करून आपली भूमिका बदलली. नेदरलँड्समध्ये क्रमाक्रमाने कमी होत जाणाऱ्या मात्रांच्या गोळ्यांच्या तयार पट्ट्या मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही. एसिटालोप्रामची सर्वांत लहान गोळी सहसा पाच मिलिग्रॅमची मिळते. ती अर्धी करायची की द्रवरूप औषध शोधायचे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. एक दिवसाआड गोळी घेण्याचा घरगुती मार्ग मात्र लवकर उतरणाऱ्या औषधांना चालत नाही. त्यात शरीर रोज नवा हेलकावा खाते.

मनोबलाचा उपदेश

आता थोडे आपल्या घरांविषयी. आपल्या पिढीने संयम, मनोनिग्रह हे संस्कार जपले आणि ते मोलाचेच आहेत. पण त्याच घरांत ‘ठाण्याला पाठवायला हवे’ हा विनोद आजही हसत हसत केला जातो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्या भिंतींची भीती सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या बोलण्यातून गेलेली नाही. मग गोळी घेणाऱ्या तरुणाला काका सांगतात, “अरे, व्यायाम कर, सूर्यनमस्कार घाल, ही थेरं सोड.” सुनेला सांगितले जाते, “नामस्मरण कर, गोळ्यांनी डोके बधिर होते.” हेतू वाईट नसतो. परंतु या उपदेशाने कित्येकांची गोळी अवेळी तुटते आणि नंतर जे घडते त्याची जबाबदारी घ्यायला काका येत नाहीत.

गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग या नावाने ओळखला जातो. हातातून धनुष्य गळून पडलेल्या अर्जुनाला श्रीकृष्णांनी आरंभी खडसावले, हे आपण सर्वांना ऐकवतो. पण खडसावून ते निघून गेले नाहीत. अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलत राहिले, त्याचा प्रत्येक प्रश्न ऐकत राहिले, हे विसरतो. अर्जुनाचा विषाद म्हणजे आजच्या अर्थाने आजार होता, असे मला म्हणायचे नाही. पण आपण घरातल्या विषण्ण माणसाला दोन वाक्ये खडसावतो आणि चहा घेऊन उठतो. उरलेला संवाद कोणी करायचा?

योग, ध्यान, व्यायाम यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ४२४ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारित मानसोपचाराचे रीतसर प्रशिक्षण घेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी कमी करणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांचे नैराश्य दोन वर्षांत परतले. गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांचे. म्हणजे मनाचे शिक्षण हा गोळी सोडणाऱ्याचा खरा आधार होऊ शकतो. पण ते शिक्षण असते, उपदेश नव्हे. महाराष्ट्रात त्याची परंपराही आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये त्याच ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि मनोविकाराविषयी मराठीत मोकळेपणाने बोलायला शिकवले. समुपदेशन आणि औषध ही एकमेकांची वैरिणी नव्हेत. पहिल्याची सोबत असेल तर दुसऱ्याचा निरोप सोपा होतो.

काय करता येईल?

गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे : ही किती काळ? कशी थांबवायची? थांबवताना काय होऊ शकते? यात संकोच कसला? २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची आणि औषधांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा तसेच गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे. डॉक्टरांनीही जुनी चिठ्ठी पाहून ‘तेच चालू ठेवा’ इतके लिहिण्याऐवजी वर्षातून एक-दोनदा तरी पुनर्विचारासाठी वेळ द्यावा. परीक्षा, लग्नकार्य, निवृत्ती किंवा घरातले आजारपण अशा धामधुमीत गोळी कमी करायला घेऊ नये. घरातल्या एका तरी माणसाला सांगावे, कारण आपली चिडचिड आपल्याआधी त्यालाच दिसते. जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

आणि सोडता आली नाही तर? माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला तीनदा नैराश्याने गाठले. दोनदा त्याने गोळी सोडून पाहिली, दोन्ही वेळा तो कोसळला. आता तो ती नियमाने घेतो, नातवाला शाळेत सोडतो, संध्याकाळी तबला शिकवतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण दुर्बळ म्हणत नाही, तर त्याला का म्हणावे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ज्या देशात इतक्यांना गोळी मिळतच नाही, तेथे ती घेऊन उभा राहिलेला माणूस लाजेने चिठ्ठीच्या घड्या घालतो, हे आपल्या सर्वांचेच अपयश आहे.

माझी गोळी दुसऱ्या खेपेला सुटली. सात महिने लागले. मधे एकदा चमका सुरू झाल्या, तेव्हा एक पायरी मागे जाऊन महिनाभर थांबलो. शेवटचा तुकडा कधी घ्यायचा थांबवला, ती तारीख पत्नीने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली. ती गोळी पुन्हा कधी लागणार नाही, असे मी म्हणत नाही. लागली, तर मी त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात जाईन आणि नाव मोठ्याने घेऊन मागीन.